हवाय यलो बेल्ट, पण आज काय करायचं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बाल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, लाल फरशीवर अडीच महिने खडूची पावलं होती. एक उजवं, एक डावं आणि त्यांच्याभोवती पाऊण फेरीचा बाण. पावसाचे शिंतोडे येऊन पुसली गेली की माझी आठ वर्षांची लेक ती पुन्हा काढायची. शेजारच्या मावशी पहिल्यांदा रांगोळी समजून बाजूने आल्या. नंतर सगळ्यांनाच सवय झाली. नारळवाला, पोस्टमन, दर रविवारी येणारे तिचे आजोबा, सगळे ती पावलं सांभाळून आत यायचे.

ती पावलं म्हणजे कराटेतल्या एका हालचालीचा नकाशा होता. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात देवळाच्या सभागृहात मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी कराटेचा वर्ग भरतो. मुलीला तिथे घातलं ते तिच्याच हट्टामुळे. वर्गातल्या मैत्रिणीला पिवळा पट्टा मिळाला होता, म्हणून हिलाही हवा होता. मी प्राथमिक शाळेत शिकवते. व्यायाम होईल, थोडी शिस्त लागेल, एवढीच माझी अपेक्षा होती. पण त्या सभागृहाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जे बघायला मिळालं, ते शाळेत इतकी वर्षं शिकवूनही मी मुलांना नीट देऊ शकले नव्हते. एखादी गोष्ट हवी असेल तर ती मिळवायला आज, आत्ता काय करायचं, हे मूल तिथे शिकतं.

‘ध्येय’ हा शब्द आपल्याकडे बक्षीस समारंभाच्या भाषणात भेटतो. ध्येय ठेवा, उंच ठेवा, जिद्द सोडू नका. मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. ध्येय ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या भाषणात कुणी सांगत नाही. मुलाच्या मनात असते ती इच्छा: पहिला नंबर, डॉक्टर, यलो बेल्ट. या इच्छेचं कामात रूपांतर करणं हे वेगळं कौशल्य आहे. पोहणं किंवा सायकल चालवणं शिकावं लागतं, तसं तेही शिकावंच लागतं.

पट्टे कुठून आले

कराटे, ज्युदो, तायक्वांदो या सगळ्यांत आज रंगीत पट्टे दिसतात. म्हणून ही फार जुनी परंपरा असेल असं वाटतं. खरं तर ती एका शिक्षकाच्या डोक्यातून निघाली. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात 12 चटयांच्या जागेत ज्युदोचा वर्ग सुरू केला. देवळात भरणारा वर्ग म्हटल्यावर मला आमचं सभागृहच आठवतं. कानो पेशाने शिक्षक होते, पुढे टोकियोच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेचे प्रमुखही झाले. त्यांच्या आधीच्या जपानी युद्धकलांत शिष्याला अनेक वर्षांच्या साधनेनंतर गुरूकडून परवान्याची गुंडाळी मिळायची आणि अशा दोन परवान्यांमधलं अंतर फार मोठं असायचं. एवढा काळ शिकणाऱ्याने कशाच्या आधारावर तग धरायचा? कानोंनी ते अंतर तोडून लहान लहान पायऱ्या केल्या. 1883 मध्ये त्यांनी पहिल्यांदा ‘दान’ ही श्रेणी दिली. पुढे वरच्या श्रेणीसाठी काळा पट्टा आला. मधले पिवळे, नारिंगी, हिरवे पट्टे त्याच्याही नंतरचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्युदो युरोपात पोचल्यावर ते तिथे रुळले.

ओकिनावा बेटावरचं कराटे गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये टोकियोला नेलं आणि दोनच वर्षांत त्यांनी कानोंची श्रेणीपद्धत उचलली. काळ्या पट्ट्याच्या आधीच्या पायऱ्यांना ‘क्यू’ म्हणतात. त्या उतरत्या क्रमाने मोजतात: दहा, नऊ, आठ असं करत एकपर्यंत. त्यामुळे मुलाला किती पायऱ्या उरल्या हे प्रत्येक वेळी दिसतं. काळ्या पट्ट्यापासून मोजणी पुन्हा एकपासून, पण चढती. त्या पहिल्या श्रेणीचं नाव ‘शोदान’. त्यातल्या ‘शो’चा अर्थ आरंभ. नियमित येणाऱ्या मुलालाही तिथवर पोचायला चार-पाच वर्षं लागतात, बहुतेकदा जास्तच.

आपल्याकडे हे नवं नाही. गाण्याच्या, तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना गांधर्वच्या परीक्षा ठाऊक असतात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, मग विशारद. सहा वर्षांच्या पोराला कुणी थेट ‘विशारद हो’ म्हणत नाही. आधी अलंकार सुरात येऊ देत, असंच म्हणतात.

42 पानांची वजाबाकी

लांबचं मोठं ध्येय आणि जवळचं छोटं ध्येय यांत मुलांच्या बाबतीत किती फरक पडतो, हे अल्बर्ट बँडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवलं. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, पण हा प्रयोग माझा फार आवडता आहे.

वजाबाकीत खूप कच्ची, गणिताचा कंटाळा असलेली सात ते दहा वर्षांची मुलं त्यांनी घेतली. सगळ्यांना एकच साहित्य दिलं: वजाबाकीची 42 पानं, सात बैठकांत स्वतःच्या स्वतः सोडवायची. एका गटाला सांगितलं, प्रत्येक बैठकीत निदान सहा पानं करायचं मनात ठेवा. दुसऱ्या गटाला सांगितलं, सातव्या बैठकीपर्यंत सगळी 42 पानं संपवायचं मनात ठेवा. सहा सत्ते बेचाळीस, म्हणजे दोघांपुढचं काम तेवढंच. सहा पानांच्या गटातली मुलं भराभर पुढे गेली, त्यांना वजाबाकी चांगली यायला लागली आणि ‘मला हे जमतं’ हा त्यांचा विश्वासही वाढला. 42 पानांच्या गटाला त्या मोठ्या ध्येयाचा काहीच उपयोग झालेला दिसला नाही. नंतर काहीही करायची मोकळीक दिली, तेव्हा आपणहून सर्वांत जास्त वजाबाक्या सोडवायला बसली ती सहा पानांच्या गटातलीच मुलं. ज्या विषयाचा कंटाळा होता, त्यातच त्यांना रस वाटू लागला होता.

कारण समजायला अवघड नाही. सहा पानं संपली की मुलाच्या हातात पुरावा येतो: मी ठरवलं आणि केलं. असे पुरावे साठत गेले की त्यातून आत्मविश्वास तयार होतो. 42 पानांच्या डोंगरापुढे बसलेल्या मुलाने पहिल्या दिवशी सहा पानं केली, तरी त्याला दिसतात ती उरलेली 36.

कराटेच्या वर्गात ही सहा-सहा पानांची मांडणी आधीच केलेली असते. यलो बेल्टच्या आसपास शोतोकान या कराटेच्या शैलीच्या बहुतेक वर्गांत ‘हेइआन शोदान’ नावाचा काता शिकवतात. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना करायच्या हालचालींची मालिका. समोर प्रतिस्पर्धी नसतो, तो मनात धरायचा असतो. या मालिकेतले पाच काता ओकिनावाच्या आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठी बसवले. जुने काता लांब आणि अवघड होते, म्हणून त्यांनी शिकण्याजोगे तुकडे केले. हेइआन शोदानमध्ये 21 हालचाली आहेत. आमच्या वर्गात सर एका तासाला तीन-चार शिकवायचे. आज पाचपर्यंत आलं, गुरुवारी नऊपर्यंत, हे पाच वर्षांच्या पोरालाही सांगता येतं.

दहावी हालचाल

आता आमच्या फरशीवरच्या पावलांकडे येते.

नवव्या हालचालीला उजवा पाय पुढे असतो, हात कपाळावर अडवलेला असतो आणि मूल ‘किआय’ म्हणजे पोटातून आरोळी देतं. तिथून दहाव्या हालचालीला उजवीकडे तोंड करायचं. पण सरळ उजवीकडे वळायचं नाही. उजव्या पायावर भार ठेवून डावा पाय मागून फिरवायचा आणि डाव्या अंगाने पाऊण फेरी घेऊन उजवीकडे पोचायचं. सभागृहात ही हालचाल आली की रांगेचा गोंधळ ठरलेला. निम्मी मुलं इकडे, निम्मी तिकडे, दोघे जण समोरासमोर. माझी लेक दर वेळी जवळच्या वाटेने वळायची. मग पाय चुकीचा पुढे यायचा आणि पुढच्या अकरा हालचाली उलट्या पडायच्या.

मे महिन्याच्या शेवटी परीक्षा झाली, तिथे सगळे ग्रेडिंग म्हणतात. तिथेही ती तशीच वळली, मध्येच थांबली आणि रडली. पट्टा मिळाला नाही. माझ्या पोटात तुटलं. लहान आहे, देऊन टाकला असता तर काय बिघडलं असतं, असं मलाही वाटलं.

सरांनी तिला कागदाचा एक कपटा दिला होता. त्यावर तीन ओळी होत्या. ‘दहाला चुकीच्या बाजूने वळतेस. मागचा गुडघा वाकतो. किआय ऐकू येत नाही.’ रात्री ती झोपल्यावर मी तो कपटा पुन्हा वाचला आणि मला माझी प्रगतिपुस्तकं आठवली. ‘अधिक प्रयत्न आवश्यक.’ मी हे वाक्य किती मुलांच्या पुस्तकात लिहिलं असेल! ते वाचून मूल घरी जाऊन काय करणार? कशाचे प्रयत्न, किती, कुठे? ध्येयांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांचा मुख्य निष्कर्ष हाच आहे: ‘जमेल तेवढं चांगलं कर’ या सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं कठीण ध्येय दिलं तर माणसाची कामगिरी सुधारते, मात्र ते ध्येय त्याने मनापासून मान्य केलेलं हवं आणि आपण कुठवर आलो हे त्याला कळत राहायला हवं.

पुढच्या मंगळवारी सर तिला म्हणाले, “बेल्ट राहू दे बाजूला. गुरुवारपर्यंत फक्त नऊवरून दहा. रोज दहा वेळा. बाकीचा काता घरी करायचाच नाही.”

खडूची पावलं ही तिची स्वतःची युक्ती. पहिल्या आठवड्यात ती पावलांकडे बघत वळायची. मग मान वर करून वळायला लागली. मग डोळे मिटून वळायची आणि उघडून बघायची, डावा पाय खडूच्या पावलावर पडलाय की नाही. कालनिर्णयच्या पानावर ती त्या दिवशी दहापैकी किती वेळा बरोबर वळली तो आकडा लिहायची. तीन. पाच. चार. सात. एका दिवशी फक्त ‘पाऊस’ लिहिलंय, कारण फरशीवर पाणी होतं. बाहेर तो असा कोसळत होता की आठ दिवस तिचा कराटेचा ड्रेस वाळत नव्हता. मी तो इस्त्रीने सुकवून देत होते आणि घरभर दमट कापडाचा वास होता.

यात एक बारकावा आहे, तो पालकांनी जरूर समजून घ्यावा. ध्येयं दोन तऱ्हेची असतात. एक फळाचं: पट्टा, पदक, नंबर. दुसरं कृतीचं: डावा पाय मागून फिरवायचा. बॅरी झिमरमन आणि अनास्तासिया कित्सांतास यांनी 1997 मध्ये शाळकरी मुलींना डार्ट, म्हणजे लक्ष्यावर बाण फेकायचा खेळ, शिकवून हे तपासलं. काहींनी फक्त गुणांकडे लक्ष द्यायचं होतं. काहींनी फक्त हात कसा सोडायचा याकडे. काहींनी आधी हात बसवायचा आणि तो बसल्यावरच गुणांकडे वळायचं. या तिसऱ्या गटातल्या मुली सगळ्यांच्या पुढे गेल्या, त्याखालोखाल हाताकडे लक्ष देणाऱ्या. सुरुवातीपासून गुण मोजणाऱ्या सर्वांत मागे राहिल्या. आपण काय केलं याची नोंद ठेवणाऱ्यांना जास्त फायदा झाला, हेही त्यात दिसलं. म्हणजे कालनिर्णयच्या पानावरच्या तीन, पाच, चार, सात या आकड्यांनाही काम होतं.

ऑगस्टच्या मध्यात पुन्हा ग्रेडिंग झालं. दहाव्या हालचालीला ती वळली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. तिने डोळे मिटले नव्हते, पण खालीही पाहिलं नाही. सतराव्या हालचालीचा किआय सभागृहाच्या पत्र्यांवर आपटून परत आला. पिवळा पट्टा मिळाल्यावर घरी येऊन तिने सर्वांत आधी काय केलं असेल, तर ओल्या फडक्याने फरशीवरची पावलं पुसली.

पट्टे स्वस्त झाले की

हे सगळं दर वर्गात आपोआप घडतं असं मात्र मी म्हणणार नाही. यापूर्वी आम्ही दुसऱ्या गावी राहत असताना भाचीला एका वर्गात घातलं होतं. सहा महिन्यांत तीन पट्टे. दर ग्रेडिंगला शुल्क, प्रमाणपत्र, फोटो. नापास कुणीच नाही. तिसरा पट्टा बांधून आलेल्या त्या मुलीला मी विचारलं, यात नवीन काय शिकलीस, तर तिला सांगता येईना. वर्षाच्या आत तिने जाणं सोडलं. मला त्या शिक्षकांचा राग येतो, कारण मुलाकडून त्यांनी ‘मी केलं’ म्हणायचा हक्क काढून घेतला.

बक्षीस समोर टांगलं की आवड मरू शकते, हे 1973 मध्येच मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर पाहिलं होतं. स्केचपेनने आनंदाने चित्रं काढणाऱ्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी त्या मुलांनी स्केचपेन हातात घेणं बरंच कमी केलं होतं. ज्यांना बक्षीसच नव्हतं किंवा न सांगता अचानक मिळालं, त्यांची आवड तशीच राहिली. पट्ट्याचंही तेच. काय जमायला लागलं याची खूण म्हणून पट्टा आला तर मूल पुढे जातं. तो फक्त मिळवायची वस्तू झाला तर मिळाल्यावर सगळं संपतं.

शिकवण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो, याचं आणखी एक उदाहरण 1986 मधलं आहे. मायकेल ट्रुलसन यांनी गुन्हेगारीकडे झुकलेल्या 13 ते 17 वर्षांच्या मुलांना तायक्वांदो शिकवून पाहिलं. एका गटाला नमस्कार, ध्यान, विचार आणि संयम यांसकट पारंपरिक पद्धतीने, दुसऱ्याला फक्त मारामारीचं तंत्र. पहिल्या गटाचा आक्रमकपणा उतरला, दुसऱ्याचा वाढला. गट लहान होते, त्यामुळे यावरून सरसकट नियम काढू नये, पण वर्ग निवडताना मी हे लक्षात ठेवते.

मग वर्ग निवडायचा कसा? एक दिवस नुसतं बसून बघा. मूल चुकलं तर सर काय म्हणतात ते ऐका. ‘नीट कर’ म्हणतात की ‘गुडघा सरळ’? ग्रेडिंगला कधी कुणाला थांबवलं जातं का, आणि थांबवलं तर पुढे काय करायचं ते सांगतात का? एवढं कळलं तरी पुरे.

घरी काय

कराटेत ध्येय धरायला शिकलेलं मूल गणितातही आपोआप ते करेल असं नाही. 2004 मध्ये किंबर्ली लेक्स आणि विल्यम हॉइट यांनी एका शाळेत बालवाडी ते पाचवीच्या मुलांचे दोन गट केले. एकाला नेहमीचा व्यायामाचा तास, दुसऱ्याला तायक्वांदो. तीन महिन्यांनंतर तायक्वांदोच्या गटाचं स्वतःवरचं नियंत्रण, वर्गातलं वागणं आणि तोंडी गणितही जास्त सुधारलं होतं. पण त्या तासाला मुलांना स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकवलं जात होतं: मी कुठे आहे? मी काय करतोय? मी काय करायला हवं? नुसत्या लाथा मारून ते झालं असेल असं मला वाटत नाही. पद्धतीला शब्द मिळाले, म्हणून ती मुलांना दुसरीकडे नेता आली असावी.

म्हणून स्कूटरवरून घरी येताना मी लेकीला विचारायचे प्रश्न बदलले. पूर्वी ‘कसा झाला क्लास?’ विचारायचे, उत्तर यायचं ‘बरा’. आता विचारते, आज कुठे अडलं? त्याचं गुरुवारपर्यंत काय करायचं? कौतुक करतानाही ‘हुशार आहेस’ ऐवजी ‘आज मान वर करून वळलीस’ म्हणते. दुसऱ्या सत्रापासून मी शाळेच्या प्रगतिपुस्तकातलं ते जुनं वाक्य लिहिणं बंद केलं. ‘हातच्याची वजाबाकी करताना दशकातला एक कमी करायला विसरतो’ असं लिहिते. जागा पुरत नाही, मग मागच्या बाजूला लिहिते.

पिवळा पट्टा मिळाला तेव्हा चतुर्थी पंधरा दिवसांवर होती. वाड्यावर आरत्यांचा सराव सुरू झाला होता. मोठी मुलं घुमट वाजवत होती, कुणी शामेळ हे तालवाद्य, कुणी कासाळे म्हणजे झांजा. लेक दोन संध्याकाळी कासाळे घेऊन बसली आणि आरती चढत्या लयीला गेली की दोन्ही वेळा तिचा हात मागे पडला. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात खोबरं किसत होते. बाहेर बघते तर ती बाल्कांवावर एकटीच बसलेली, मांडीवर कालनिर्णय.

“आई, पूर्ण आरती नाही करत,” ती म्हणाली. “जिथून लय वाढते ना, तेवढंच. रोज दहा वेळा.”

आणि त्या दिवसाच्या चौकोनात तिने आकडा लिहिला: दोन.